समुद्रावर जाऊ या, पण कोणत्या किनाऱ्यावर?

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिलेला नाही. माणगावच्या आसपास राहणाऱ्या माणसाला समुद्र काही फार लांब नाही. पन्नास-साठ किलोमीटर गेले की झाले. पण भाताची लावणी, कापणी, झोडणी, गुरे, लग्नकार्ये, आजारपण यांतून दिवस सापडत नाही. वर्षातून एखादाच मोकळा दिवस मिळतो. तो एक दिवस कोठे घालवावा आणि कसा ठरवावा, ते या पाठात सांगितले आहे.

ठरवण्याची रीत साधी आहे. तिला तीन गोष्टी लागतात : घरातली दिनदर्शिका, एस.टी.चे वेळापत्रक आणि थोडे वाचन. ही रीत आम्हांला कोणी शिकवली नाही. एक चूक झाली, आणि त्या चुकीने ती शिकवली. म्हणून आधी चूक सांगतो.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या रात्रीच्या वर्गाची सहल निघाली. वर्ग नवीन होता. काहींना अक्षरओळख झाली होती, काहींची बाराखडी चालू होती. सर्वांच्या मनात हरिहरेश्वरला जायचे होते. "पुनवेला जाऊ या, दिवस चांगला," असे कोणी म्हणाले. आम्हीही मान हलवली. सामायिक टेंपो केला आणि निघालो. पोचायला दुपारचे बारा वाजले.

हरिहरेश्वरला देवळामागच्या टेकडीतून पायऱ्या उतरून खाली खडकांवर जाता येते. तेथून समुद्राच्या कडेकडेने देवाची प्रदक्षिणा घालतात. वाट सुंदर आहे, पण ती समुद्राच्या मर्जीवर आहे. ओहोटी असेल तर वाट मोकळी असते. भरती असेल तर लाटा खडकांवर आपटतात आणि वाट पाण्यात जाते.

वाटेवर पाटी होती. भरतीच्या वेळी खाली जाऊ नये, असे तीवर लिहिले होते. आम्ही देवळात बोलत उभे होतो. आमच्यातला एक गडी आपल्या दहा वर्षांच्या भाच्याचा हात धरून पुढे गेला. पाटी त्याने पाहिली, पण त्याला ती वाचता आली नाही. तो पायऱ्या उतरला. एक लाट आली, ती गुडघ्यापर्यंतच आली. त्याला गंमत वाटली. दुसरी लाट आली ती छातीवर आली. पोराचा हात सुटला आणि पोर दोन खडकांच्या मध्ये गेले.

जवळच एक माणूस नारळ विकत बसला होता. त्याने लाट ओसरण्याची वाट पाहिली, नेमक्या वेळी उडी घेतली आणि पोराला केसांना धरून वर ओढले. पोराचे दोन दात पडले. गुडघ्यांची कातडी सोलून निघाली. पण पोर वाचले.

परतताना टेंपोत कोणी बोलत नव्हते. तो गडी शेवटी म्हणाला, "गुरुजी, ती पाटी मला वाचता आली असती, तर पोराला मी खाली नेला असता का?"

आम्ही त्याला काय उत्तर देणार? त्याला वाचता येत नव्हते, हा त्याचा दोष नव्हता. दोष आमचा होता. आम्हांला वाचता येते. आमच्या घरात भिंतीवर दिनदर्शिका आहे. पौर्णिमेला भर दुपारी भरती असते, हे कोकणात जन्मलेल्या माणसाने जाणले पाहिजे. आम्ही चाळीस वर्षे मुलांना भूगोल शिकवला, आणि घरून निघताना साधी तिथी पाहिली नाही.

तो गडी दुसऱ्या दिवसापासून वर्गाला नेमाने येऊ लागला.

तीन किनारे, तीन स्वभाव

पुढच्या वर्षी वर्गात पुन्हा सहलीचा विषय निघाला. या वेळी आम्ही म्हणालो, "आधी फळ्यावर लिहू, मग जाऊ." माणगावहून म्हसळ्यावरून गेले म्हणजे एका दिवसात जाऊन येण्यासारखे तीन मोठे किनारे आहेत. तिन्ही रायगड जिल्ह्यातच, श्रीवर्धन तालुक्यात आहेत. पण तिघांचे स्वभाव निराळे.

पहिला हरिहरेश्वर. याला दक्षिण काशी म्हणतात. देऊळ, टेकडी, काळे खडक आणि दोन्ही अंगांना वाळू. लाटांनी हजारो वर्षे कोरून कोरून खडकांना मधाच्या पोळ्यासारखी भोके पाडली आहेत. ती पाहण्यासारखी आहेत. जवळच दक्षिणेला सावित्री नदी समुद्राला मिळते. खाडीच्या मुखाशी पाण्याला जोर फार असतो. म्हणून हरिहरेश्वर दर्शनाला आणि पाहायला उत्तम, पण लहान मुलांना पाण्यात खेळवायला तितकेसे बरे नाही.

दुसरा दिवेआगर. बोर्ली पंचतनच्या पुढे हे गाव आहे. किनारा सुमारे चार किलोमीटर लांब, वाळू मऊ, आणि कडेला सुरूची झाडे. गावात नारळी-पोफळीच्या वाड्या. येथे १९९७ साली एका बागेत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. तो २०१२ साली चोरीला गेला. पुढे २०२१ साली मुखवट्याची पुन्हा स्थापना झाली. नव्याने वाचायला शिकणाऱ्यांना दिवेआगरची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. या गावात एक जुना ताम्रपट सापडला आहे. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला लेख. तो शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. मराठी भाषेतल्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. आपण आज जी भाषा गिरवतो, ती त्या गावात साडेनऊशे वर्षांपूर्वी कोणीतरी कोरून ठेवली!

तिसरा श्रीवर्धन. हे तालुक्याचे ठिकाण. पहिले भट पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे घराणे मूळचे येथले. त्यांना १७१३ साली शाहू महाराजांनी पेशवेपद दिले. सोमजाई ही गावची ग्रामदेवता. येथली रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. किनारा लांब आणि वाळूचा. कडेला दगडी बंधारा आहे. एस.टी.चा डेपो, बाजार आणि सरकारी रुग्णालय गावातच.

या तिन्ही गावांनी ३ जून २०२० रोजी फार मोठा तडाखा सोसला. त्या दिवशी निसर्ग नावाचे चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले. शेकडो घरांची छपरे उडाली. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून पीक येईपर्यंत पाच-सात वर्षे जातात. तेव्हा तेथे गेल्यावर दोन नारळ, पावशेर सुपारी विकत घ्यावी. घासाघीस फार करू नये.

कोण कोण जाणार?

किनारा चांगला की वाईट, हे नुसते विचारून भागत नाही. कोणासाठी चांगला, हे विचारावे. आम्ही फळ्यावर नावे लिहिली. बावीस माणसे झाली. त्यांत सात मुले, नऊ बाया, तीन म्हातारी माणसे आणि बाकी तरुण गडी.

मग प्रत्येकाची गरज लिहिली.

म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा हवी आणि चालणे थोडे हवे. पायऱ्या नकोत.

मुलांना उथळ पाणी हवे आणि खडक नकोत.

बायांना ओले कपडे बदलायला आडोसा हवा आणि संडासाची सोय हवी. हे बोलायला कोणी पुढे येत नाही. सहल ठरवणारे बहुधा पुरुष असतात, त्यांना हे सुचत नाही. आमच्या वर्गातल्या एका मावशींनी हे स्पष्ट सांगितले, ते फार बरे केले. एकदा गेलेली बाई दुसऱ्या वेळेला "मला नाही यायचं" म्हणते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

तरुणांना पाण्यात डुंबायचे असते. त्यांना किनारा कोणताही चालतो, म्हणून त्यांचे मत शेवटी विचारावे.

गाडी आणि पैसा

एका दिवसाच्या सहलीत परतीची गाडी ही पहिली गोष्ट. जाण्याची गाडी चुकली तर सहल चुकते. परतीची चुकली तर रात्र चुकते. म्हणून डेपोत जाऊन शेवटच्या गाडीची वेळ वहीत लिहून घ्यावी. तोंडी ऐकलेल्या वेळेवर विसंबू नये. श्रीवर्धनला डेपो आहे, म्हणून तेथून परतीची सोय जास्त. दिवेआगर आणि हरिहरेश्वरला गाड्या कमी. तेथे जायचे तर बहुधा वाहन भाड्याने करावे लागते.

भाड्याचे वाहन केले तर माणसे मोजून बसवावी. सोळांच्या टेंपोत तीस माणसे कोंबून पैसे वाचतात खरे, पण म्हसळ्याकडचा रस्ता वळणावळणाचा आहे. तेथे वाचलेले पैसे दवाखान्यात भरावे लागतात.

एस.टी.त पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते. मार्च २०२३ मध्ये बायांना अर्ध्या तिकिटाची सवलत सुरू झाली. म्हाताऱ्या माणसांनाही वयाप्रमाणे सवलत मिळते. त्यासाठी ओळखपत्र बरोबर लागते. निघण्यापूर्वी डेपोत एकदा विचारून खात्री करावी.

दिवस कोणता? भरती-ओहोटीचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. किनारा चांगला निवडला, पण दिवस वाईट निवडला, तर काय होते ते वर सांगितलेच आहे.

समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. हे मुख्यतः चंद्राच्या ओढीने होते. सूर्याचीही ओढ असते, पण ती कमी. भरती पुरी झाली की सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने ओहोटी पुरी होते. मग पुन्हा भरती लागते.

चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. भरतीही तशीच रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते.

अमावास्येला आणि पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य दोघांची ओढ एका रेषेत येते. म्हणून पाणी फार चढते आणि फार उतरतेही. याला उधाण म्हणतात. मुंबईस उधाणाच्या भरतीला पाणी ओहोटीच्या पातळीपेक्षा चार मीटरांहूनही वर चढते. आपल्याकडे थोडे कमी चढते, पण माणसाला बुडवायला तेवढे पुष्कळ झाले. अष्टमीच्या सुमारास दोघांच्या ओढी एकमेकींना आडव्या पडतात. तेव्हा पाणी कमी चढते आणि कमी उतरते. याला भांग म्हणतात.

भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत कोकणात आहे. ती अशी : तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा.

आमच्या वर्गात एक आजोबा आहेत. त्यांना अजून जोडाक्षरे नीट लिहिता येत नाहीत. पण लहानपणी ऐकून ऐकून पाठ केलेली पाऊणकी त्यांना आजही येते. आम्ही रीत सांगितली आणि आजोबांनी बसल्या जागी सुरुवात केली, "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन..." वर्ग ऐकत राहिला. ज्यांना वाटत होते की आजोबांना काही येत नाही, ते गप्प झाले.

आता उदाहरणे पाहू.

चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. पहाटे तीनला आणि दुपारी तीनला पूर्ण भरती. ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास.

अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास.

द्वादशी असेल तर बारा पाऊण नऊ. सकाळी नऊला आणि रात्री नऊला भरती. म्हणजे सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत पाणी उतरत राहणार.

पौर्णिमा आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास. वद्य पक्षातही पुन्हा एकपासून मोजावे.

हा अंदाज आहे. घड्याळाचा काटा नव्हे. गावागावाप्रमाणे अर्धा-पाऊण तास, कधी तासभरही, इकडेतिकडे होतो. म्हणून किनाऱ्यावर पोचताच तेथल्या कोळी बांधवांना विचारावे. त्यांचा जन्म त्या पाण्यावर गेला आहे.

आता दिवस निवडा. आपण सकाळी निघून दहा-साडेदहाला पोचणार. चारच्या आत निघणार. तेव्हा दुपारी साडेअकरा-बाराला ओहोटी पुरी व्हावी आणि त्यानंतर पाणी हळूहळू चढत यावे, हे आपल्याला सोयीचे. पाणी उतरत असताना ते माणसाला आत घेऊन जाऊ पाहते. म्हणून उतरत्या पाण्यात खेळू नये. हिशेब केला तर षष्ठी, सप्तमी, अष्टमी या तिथी सोयीच्या ठरतात. त्या भांगाच्या जवळच्या, म्हणून पाण्याचा जोरही कमी.

आणि जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचेच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. ज्या दिवसांत कोळी होडी घालत नाही, त्या दिवसांत आपण पाय घालू नये.

पाण्याची ओढ

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. तिथी चांगली निघाली म्हणजे समुद्र आपला झाला, असे समजू नये.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल आली होती. त्यातली १४ मुलेमुली बुडून मेली. सगळी शिकलेली, तरणीताठी. त्या दिवशी तिथी होती पौष वद्य अष्टमी. उधाण नव्हते. तरीही असे घडले. एकाच दिवशी चौदा घरांचे दिवे विझले.

समुद्रात ओढ असते. लाटा पाणी किनाऱ्याकडे आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधते. वाळूत कोठेतरी खोलगट चर असतो. त्या चरातून पाणी जोराने आत परत जाते. हीच ओढ. गंमत अशी, की त्या जागी लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये शांत, काळसर पाणी. नवख्या माणसाला वाटते, येथे लाटा नाहीत, येथेच उतरावे. आणि तीच जागा सर्वांत धोक्याची.

ओढीत कोणी सापडलाच, तर सरळ किनाऱ्याकडे पोहू नये. पाण्याशी झुंजून माणूस थकतो आणि थकला की बुडतो. अंग सैल सोडावे, तरंगत राहावे, हात वर करून ओरडावे. मग किनाऱ्याला समांतर, म्हणजे आडवे, पोहत जावे. ओढीचा पट्टा रुंद नसतो. त्यातून बाहेर पडले की लाटाच माणसाला किनाऱ्याकडे आणतात.

ज्याला पोहता येत नाही, त्याने गुडघ्यापलीकडे जाऊ नये. ज्याला विहिरीत पोहता येते, त्यानेही स्वतःला पोहणारा समजू नये. विहिरीचे पाणी जागच्या जागी असते. समुद्राचे पाणी चालते असते.

कोणी बुडू लागले तर

आपण मागोमाग उडी मारू नये. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडतात, असे वारंवार घडते. दोर फेकावा. दोर नसेल तर चार-पाच लुगडी गाठी मारून फेकावी. घट्ट झाकणाचा रिकामा प्लास्टिकचा डबाही माणसाला तरंगत ठेवतो. जीवरक्षक असेल तर त्याला, नसेल तर कोळ्यांना हाक मारावी.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगू नये. पोट दाबून पाणी काढण्याच्या नादीही लागू नये. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालू आहे का ते पाहावे. नसेल तर उताणे निजवून, हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून, तोंडाला तोंड लावून श्वास द्यावा. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोराने दाब द्यावे. ३० दाब आणि २ श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ११२ वर पोलिसांची मदत मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ही रीत एकदा डोळ्यांनी पाहून शिकावी.

वर्गाने काय ठरवले

फळा भरला. आम्ही खडू खाली ठेवला आणि म्हणालो, "आता तुम्ही सांगा."

तरुण म्हणाले, दिवेआगर. वाळू मऊ, गर्दी विखुरलेली. पण परतीच्या गाडीचा प्रश्न आला आणि टेंपोच्या भाड्याचाही. म्हातारी मंडळी म्हणाली, हरिहरेश्वर. मागच्या वेळी प्रदक्षिणा अपुरी राहिली होती, ती पुरी करायची. पण सात मुले होती, आणि त्या गड्याने मान खाली घातली होती. कोणी काही बोलेना.

शेवटी एक आजी म्हणाल्या, "देव काय पळून जातोय? पोरं सुखरूप घरी आली, म्हणजे पोचली माझी प्रदक्षिणा. श्रीवर्धनला सोमजाई आहे, तिची ओटी भरीन."

श्रीवर्धन ठरले. मग सर्वांनी दिनदर्शिकेभोवती गर्दी केली. रविवार हवा आणि सोयीची तिथी हवी. माघ शुद्ध सप्तमीचा रविवार सापडला. सात पाऊण सव्वापाच. म्हणजे भरती पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचला, ओहोटी दुपारी साडेअकराच्या सुमारास. हे गणित आम्ही केले नाही. वर्गाने केले.

सहलीचा दिवस

बरोबर घेतले ते असे : तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, कांदे, पिण्याचे पाणी, एक लांब दोर, जखमेवर बांधायला स्वच्छ फडके, दोन जुन्या चादरी आणि चार काठ्या. चादरी आणि काठ्यांचा आडोसा झाला. बायांची सोय झाली. कचरा परत आणायला एक रिकामे पोतेही घेतले.

सकाळच्या पहिल्या गाडीने निघालो. श्रीवर्धनला उतरून देवीचे दर्शन घेतले आणि किनाऱ्यावर आलो. एका कोळी दादांना भरतीची वेळ विचारली. ते म्हणाले, "पाणी अकरालाच फिरेल." आमच्या हिशेबापेक्षा अर्धा तास आधी. आजोबांना ते फारसे पटले नाही, पण पाणी अकरालाच फिरले.

पाणी फिरेपर्यंत कोणी आत उतरले नाही. मुलांनी शंखशिंपले वेचले. वाळूवर लिहायला जागा भरपूर. एका बाईंनी आपले संपूर्ण नाव लिहिले, नवऱ्याचे लिहिले, गावाचे लिहिले. लाट आली आणि पुसून गेली. त्यांनी पुन्हा लिहिले.

किनाऱ्यावर एक पाटी होती. तो गडी तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. बोट ठेवत ठेवत, एकेक अक्षर जुळवत, त्याने ती मोठ्याने वाचली. खोल पाण्यात जाऊ नये, दारू पिऊन पाण्यात उतरू नये, असे तीवर होते. वाचून झाल्यावर त्याने सगळ्या मुलांना बोलावले आणि त्यांच्याकडून ती पुन्हा वाचून घेतली. त्यांत त्याचा भाचाही होता. पुढचे दोन दात नसलेला.

दुपारी पाणी चढू लागले, तेव्हा मुले गुडघाभर पाण्यात खेळली. दोन गडी दोर घेऊन कडेला उभे राहिले. अडीच वाजता सर्वांना बाहेर काढले. माणसे मोजली. बावीस भरली. शेवटची गाडी पाचनंतर होती, आम्ही तिच्या आधीची धरली.

प्रदक्षिणा अजून राहिलीच आहे. पुढच्या वर्षी ओहोटीची वेळ पाहून तीही करू.

शब्दांचे अर्थ

उधाण – अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती.
भांग – अष्टमीच्या सुमाराची लहान भरती.
ओढ – समुद्रात आत खेचणारा पाण्याचा जोर.
समांतर – बरोबरीने आडवे जाणारे.
ताम्रपट – तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला लेख.

प्रश्न

१. पहिल्या सहलीत गुरुजींची चूक कोणती झाली?
२. तुमच्या घरातल्या दिनदर्शिकेत आजची तिथी पाहा. आज पूर्ण भरती किती वाजता असेल?
३. येत्या दोन महिन्यांतला सहलीला सोयीचा रविवार शोधा आणि वहीत लिहा.
४. शांत, काळसर पाणी दिसले तर तेथे का उतरू नये?
५. तुमच्या घरातून सहलीला कोण कोण जाईल? प्रत्येकाची एक एक गरज लिहा.
६. गावात, रस्त्यावर, दवाखान्यात दिसणाऱ्या तीन पाट्या वाचून या आणि वर्गात मोठ्याने सांगा.